कोळ्याचे पाय पोटाला नसतात

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे जळमटांचा आठवडा. लांब बांबूच्या टोकाला खराटा बांधायचा, डोक्याला जुनं फडकं गुंडाळायचं आणि माना वर करकरून वासे, आढं, पडवीचे कोपरे, सगळं झाडत सुटायचं. कौलारू घर असेल तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोळी वर काय काय संसार मांडून बसलेले असतात ते विचारूच नका, त्यात चुलीचा धूर लागून काळी पडलेली ती लोंबती जळमटं डोळ्यात, नाकात, चहाच्या कपात सगळीकडे. आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे आहेत पण हे काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. आम्ही केलेलं त्यांना पटतच नाही.

आणि नेमके त्याच दिवसांत जगात दुसरीकडे लोक पैसे देऊन पाकिटातली जळमटं विकत आणतात आणि चांगल्या स्वच्छ घराला लावतात, हे जेव्हा भाचीने आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. भाची म्हणजे नणंदेची मुलगी, मुंबईला असते, दिवाळीच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला आमच्याकडे येते. तिच्या शाळेत हॅलोविन डे असतो, परदेशातला भुताखेतांचा सण तो, काळे कपडे घालून जायचं वगैरे. २०२४ ला दिवाळी अशी आली होती की नरक चतुर्दशी बरोब्बर ३१ ऑक्टोबरला. म्हणजे पहाटे नरकासुर जाळायचा आणि संध्याकाळी हॅलोविन, एकाच तारखेला. शाळेतलं हॅलोविन चुकणार म्हणून तिने बॅगेत सामान भरूनच आणलं होतं. प्लॅस्टिकचे कोळी डझनभर, आणि पांढऱ्या कापसासारखं जाळं, ओढलं की लांब लांब होत जाणारं.

"चार दिस जळमटां काढून माझो खांदो धरलो, आणि तुमी नवी लावतास?" आई म्हणाल्या. पण थांबवलं नाही. नात सहा महिन्यांनी आलेली, तिला कोण थांबवणार.

ते कापसाचं जाळं मुलांनी खळ्याच्या कडेच्या जास्वंदीवर पसरलं, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळच्या उजेडात दिसलं भारी. सकाळी त्यात एक चतुर अडकलेला. ऑक्टोबरात आमच्याकडे हे पिवळे चतुर थव्याने येतात, खळ्यावर, भाताच्या शेतांवर नुसते तरंगत असतात, ह्यांच्यातलेच पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात म्हणे, म्हणे कशाला, जातातच, शास्त्रज्ञांनी अभ्यास केलाय त्याचा. तर असा हा आफ्रिकेला निघालेला प्राणी आमच्या जास्वंदीवर पंखांत पॉलिस्टरचे धागे गुंतवून बसलेला. भुवयांच्या चिमट्याने एक एक धागा काढावा लागला. लेकाने हात न थरथरता केलं ते काम. मग ते जाळं खाली उतरलं आणि डस्टबिनमध्ये गेलं. बाहेरच्या झाडांवर हे लावू नये, पक्षीसुद्धा अडकतात, असं परदेशातले पक्षीवाले लोक दर वर्षी ओरडून सांगत असतात, ते का सांगतात ते एका चतुराने दाखवून दिलं.

आता जाळं गेलं, उरले प्लॅस्टिकचे कोळी. आणि तिथे आमच्या लेकाने, जो एरवी अभ्यासाच्या पुस्तकात काय लिहिलंय ते दहा वेळा विचारल्याशिवाय सांगत नाही, एक कोळी उलटा करून बघितला आणि म्हणाला, हे चुकीचं आहे. ह्याचे पाय पोटाला आहेत.

पोटालाच असतात, भाची म्हणाली. नसतात, हा म्हणाला. शेजारची दोन भावंडं तोवर आलेलीच होती, त्यातल्या धाकटीने निकाल दिला की चला बघूया. हा एक मोठा फायदा आहे इथे राहण्याचा. वाद झाला की गूगल उघडायच्या आधी मागीलदारी जाऊन बघता येतं.

मागीलदारी आमच्या पोफळींच्या मध्ये पावसाळ्यानंतर दर वर्षी मोठ्ठे कोळी जाळी टाकतात. जायंट वुड स्पायडर म्हणतात त्याला इंग्रजीत, पश्चिम घाटात आणि कोकणात सगळीकडे दिसतो, काळं लांबट अंग, त्यावर पिवळे पट्टे, आणि पाय पसरून बसला की हाताचा पंजा भरेल एवढा. बसतो नेहमी डोकं खाली करून. म्हणजे बसते. कारण ती मोठी दिसते ती मादी. तिरपं ऊन पडलं की तिच्या जाळ्याचा धागा खरोखर सोनेरी दिसतो, रंग उजेडाचा नाही, धाग्याचाच. मुलं हाताच्या अंतरावर जाऊन उभी राहिली. भाची माझ्या मागे, माझा गाऊन धरून.

तर पाय. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग, पुढचा लहान, मागचा फुगीर. आठही पाय पुढच्या भागाला. मागचं पोट नुसतं मागे लोंबतं, त्याला एकही पाय नाही. हे एकदा दिसलं की मग बाजारातला कुठलाही कोळी बघा, चित्रातला, केकवरचा, टीशर्टवरचा, निम्म्यांचे पाय पोटातून निघालेले असतात आणि ते नजरेला टोचत राहतं.

जाळ्याच्या वरच्या बाजूला तांबूस रंगाचं एक टीचभर... छे, टीचभर कसलं, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं काहीतरी चिकटलेलं होतं. पिल्लू, शेजारचा मोठा म्हणाला. पिल्लू नाही, तो नर. ती दीड-दोन इंचांची आणि तो एवढाच, तिच्याच जाळ्यात एका कडेला जपून राहतो. आई पाठीमागून बघत होत्या, त्यांना मी सांगितलं की हा तिचा नवरा. "इतकोसो घोव?" म्हणाल्या, आणि जरा थांबून, "बरो, कटकट तरी नाय." पोरांना काही कळलं नाही, मी मात्र हसू दाबत चुलीकडे पळाले.

मग ठरलं की आपण आपले कोळी बनवायचे. नीट. पाय जिथे असतात तिथेच.

सामानाला बाजारात जायची गरज नव्हती. पोटाला लहान करवंटी, ती सुद्धा कोवळ्या नारळाची, लांबट निघते. पुढच्या भागाला सालासकट सुकलेली सुपारी. पायांना माडाच्या झावळीचे हीर. हिराची गंमत अशी की कोरडा वाकवला तर काडकन तुटतो, पण रात्रभर पाण्यात ठेवला की ऐकतो. तीन ठिकाणी नख लावून दाबायचं, मोडायचं पण तोडायचं नाही, म्हणजे पायाला सांधे येतात. खरं तर कोळ्याच्या पायाला सात तुकडे असतात पण हिराला एवढं कोण समजावणार, तीन सांध्यांवर भागवलं. सुपारीला दाभणाने आठ भोकं, हे काम माझं, कारण सुपारी निसटते आणि दाभण सरळ तळहातात जातं. भोकात फेविकॉल आणि हीर. डोळ्यांना सीताफळाच्या बिया, दिवस सीताफळांचेच होते, आणि त्या बियांना जी काळी चकाकी असते तशी बाजारातल्या मण्यांनासुद्धा नसते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, त्यामुळे डोळ्यांसाठी म्हणून मुलांनी टोपलीभर सीताफळं दोन दिवसांत संपवली. निमित्त चांगलं होतं.

पहिला कोळी तयार झाला तेव्हा सगळं बरोबर होतं, पाय बरोबर, डोळे बरोबर, पण तो मेलेला दिसत होता. काय चुकतंय तेच कळेना. शेजारच्या धाकटीने हिराचे सगळे पाय आतल्या बाजूला वळवून ठेवले होते, मुठीसारखे. मेलेल्या कोळ्याचे पाय असेच आत आवळलेले असतात, खिडकीच्या पट्टीवर नेहमी दिसतात ना. त्याचं कारण मला खूप उशिरा वाचनात आलं. आपल्याला हातपाय वाकवायला एक स्नायू आणि सरळ करायला दुसरा. कोळ्याला पायाच्या मोठ्या सांध्यांत वाकवायचा स्नायू आहे पण सरळ करायचा नाहीच, तो पाय ताठ करतो तो अंगातल्या द्रवाच्या दाबाने, जेसीबीच्या हातासारखं हायड्रॉलिक काम. मेला की दाब गेला, मग पाय आपोआप आत. पोरांना जेसीबी म्हटल्यावर लगेच समजलं. सगळे पाय पुन्हा भिजवून बाहेरच्या बाजूला वळवले आणि कोळी जिवंत झाला. एवढा की भाचीने तो हातात घ्यायला आधी नकारच दिला, आणि तो तिनेच बनवला होता.

हे मला फार आवडलं, आपणच बनवलेल्या गोष्टीला घाबरणं. ती घाबरते आणि चिकटवतेही, चिकटवते आणि घाबरतेही. मुंबईच्या पंधराव्या मजल्यावर तिने कोळी बघितला असेल तो पेस्ट कंट्रोलवाल्याच्या फवाऱ्याने मेलेलाच. इथे बाथरूमच्या भिंतीवर रात्री तो मोठा चपटा कोळी बसलेला असतो, अंगाखाली पांढरी चपटी अंड्यांची पिशवी धरून, आणि तिला मग सगळ्या घराला उठवल्याशिवाय आत जाता येत नाही. तो झुरळं खातो, तुला काही करत नाही, हे सांगून आजवर कुणाची भीती गेलेली नाही. माझीही गेलेली नव्हती, लग्न होऊन मी इथे आले तेव्हा.

जाळं विणणं हा तर वेगळाच अध्याय. सुंभ जाड पडला, लोकर लोंबायला लागली. शेवटी बंदरावरून फाटक्या जाळ्याचं तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक धागा, आणलं, शेजाऱ्यांची होडी आहे, त्यांच्याकडे असतंच. बांबूच्या कामट्यांची चौकट केली, मधून चाकाला असतात तशा आऱ्या ओढल्या, इथवर ठीक. पुढे सगळी मुलं वेगवेगळे गोल करायला लागली, एकात एक, कांद्यासारखे. त्या संध्याकाळी पडवीच्या दिव्याजवळ एका छोट्या कोळ्याने जाळं टाकायला घेतलं आणि आम्ही सगळे पाट घेऊन खाली बसलो, टीव्ही लावल्यासारखे.

बघितलंय का कधी पूर्ण? बघाच. आऱ्या झाल्यावर तो मधून निघून बाहेरपर्यंत भरभर एक मोठा मोठा फेरा मारत जातो, लांब लांब अंतर सोडून. आपल्याला वाटतं झालं. नाही. तो धागा चिकट नसतोच, तो फक्त आधाराला. शिंपी आधी कच्चा टाका घालतो ना, तसा. मग बाहेरच्या टोकाला पोचला की उलटा फिरतो आणि खरा चिकट धागा घालत बाहेरून आत येतो, अगदी जवळ जवळ, प्रत्येक आरीवर मागच्या पायाने अंतर मोजत, आणि येता येता तो आधीचा कच्चा धागा काढून टाकतो. गोल एकही नाही. सगळा एकच धागा, भोवऱ्यासारखा आत येणारा. अर्ध्यापाऊण तासात काम खल्लास. काही जातींचे कोळी पहाटे हेच जाळं गुंडाळून खाऊन टाकतात आणि संध्याकाळी नवीन. धागा म्हणजे प्रथिनंच, वाया कशाला घालवायची. आईंना हे अतिशय पटलं. आदल्या दिवशीच्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या बाईला पटणारच.

मोबाईलवर मी त्यांना तो सोनेरी कापडाचा फोटो पण दाखवला. मादागास्करमध्ये ह्याच जातकुळीतल्या कोळ्यांच्या धाग्याचा एक अख्खा अंगरखा विणलाय, २०१२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मांडला होता, त्याला १२ लाख कोळी लागले, पकडायचे, धागा काढायचा आणि परत सोडायचे. पिवळाधमक, रंग न देता. "बारा लाख!" म्हणाल्या. "आणि मी मेलय त्येंका खराट्यान मारतंय."

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी कोळ्यांचे फोटो टाकले तसा एका चुलत दिरांनी मोठा मेसेज टाकला, परकीय सण, आपली संस्कृती, मुलांना काय शिकवतोय आपण वगैरे. मला ह्या विषयावर भांडायचा कंटाळा आहे. प्लॅस्टिकचे सांगाडे आणि आठशे रुपयांचे झगे ह्याबद्दल त्यांचं आणि माझं एकमत आहे. पण कोकणातल्या माणसाने भुताखेतांच्या सणाला परकं म्हणावं हे जरा गमतीचंच नाही का. आमच्या तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, वेताळ, भुतांचा अधिपती, आणि लोक त्याला नवस फेडायला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात कारण तो रात्री गावातून फिरतो आणि चपला झिजतात. केळ्यांचे घड वाहतात. मुलं दर्शनाला जातात, घाबरत नाहीत, कारण तो आपला आहे. शिवाय राखणदार आहे, देवचार आहे, पिंपळावर मुंजा, विहिरीवर गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा. तिन्हीसांजेला शीळ घालायची नाही, रात्री नावाने कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भाचीने एका बैठकीत हे सगळं आजीकडून ऐकलं आणि विचारलं, मामी, मग इथे हॅलोविन रोजच असतं?

मूळ हॅलोविन तरी काय, आयर्लंडकडच्या लोकांचा सुगी संपून थंडी लागायच्या वेळचा जुना सण, त्या रात्री मेलेल्यांची आणि जिवंतांची सीमा पातळ होते अशी समजूत. नंतर ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर सगळ्या संतांचा, २ नोव्हेंबर सगळ्या मृतांचा दिवस झाला. भोपळा सुद्धा नंतरचा, अमेरिकेत गेल्यावरचा, आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक ख्रिश्चन काकी राहतात, त्यांना भाचीने मोठ्या आशेने विचारलं, तुम्ही हॅलोविनला काय करता? त्या म्हणाल्या, काय करणार बाय, सिमेटरीत गवत काढतो, थडगी धुतो, मेणबत्त्या आणून ठेवतो. म्हणजे आपण म्हाळाला पान वाढून कावळ्याची वाट बघतो, त्या मेणबत्ती लावतात. कोळ्याचा तिथेही काही संबंध नाही. कोळी आला तो ओसाड घरं, चेटकिणी ह्यांच्या मागे मागे, जिथे माणूस झाडू मारत नाही तिथे कोळी असणारच एवढंच.

आमच्याकडे ओसाड घरांचा तुटवडा नाही. वाडीत फिरलात तर दर तीन-चार घरांमागे एक कुलूपबंद, माणसं मुंबईला. गणपतीत उघडतात, मे महिन्यात उघडतात. एरवी आत कुणाचं राज्य असतं ते सांगायला नको. त्या बंद दारांवर मुलांना कोळी लावायचे होते, घोस्ट हाऊस म्हणून. मी नाही म्हटलं. का ते त्यांना नीट सांगता आलं नाही. त्या घरातल्या कुणी फोटो बघितला असता तर वाईट वाटलं असतं, एवढंच डोक्यात आलं.

तर ते आमच्याच पडवीत लागले. तंगूस काळोखात दिसत नाही त्यामुळे कोळी हवेत अधांतरी. खाली आकाशकंदील, वर कोळी. आणि खळ्याच्या पलीकडे वाडीतली पोरं नरकासुर बांधत होती. आमच्याकडे हे जोरात असतं, गोव्याचं वारं आहे त्यात, बांबूचा सांगाडा, पेंढा, वर्तमानपत्रं, मैद्याची खळ, बाजारातून आणलेला मुखवटा, आणि रात्रभर जागून पहाटेच्या आत जाळायचा. मग आंघोळ, तुळशीपाशी कारीट फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला, आणि पोह्यांवर ताव. ती पोरं रात्री अकराच्या सुमाराला आली. काकी, ते कोळी देतास काय, नरकासुराच्या खांद्यार बरे दिसतले.

"नरकासुराक कोळी कशाक?" आई आतून. पण त्यांच्या आवाजात नाही म्हणायचा सूर नव्हता, त्याही उत्सुकतेने बाहेर आल्या. लेक द्यायला तयार, भाची अजिबात नाही. जाळून टाकतील. बरोबर होतं तिचं, रात्री तीनला ढोल वाजायला लागले की कुणाला काय लक्षात राहतं. शेवटी दोन कोळी गेले, एक ह्या खांद्यावर, एक मुकुटावर, सुतळीने बांधलेले, काढायला सोपे असे. भाची पहाटेपर्यंत पांघरूण घेऊन खळ्यात बसली होती पहाऱ्याला. खांद्यावरचा वाचला. मुकुटावरचा कुणाचा हात पोचायच्या आत पेटला, करवंटी ती, क्षणात धरली. रडेल असं वाटलं मला, पण ती पुढे झुकून बघत होती की पाय आत वळतात का. हीर वळले म्हणे. मला काही दिसलं नाही, धुराने डोळे चुरचुरत होते.

२०२५ ला नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला आली, हॅलोविन राहिलं लांब, भाचीला तर सुट्टीही कमी मिळाली. मला वाटलं आता हे संपलं. तर दसऱ्यापासूनच वाडीतली पोरं लेकाच्या मागे, ह्या वर्षी सहा कोळी पाहिजेत, मोठे. लेकाने हीर भिजत घातले, भाची व्हिडिओ कॉलवरून पाय तपासायची आणि तिकडून ओरडायची. पण फुकट द्यायचे नाहीत असं दोघांनी ठरवलं होतं, भाडं लावायचं. किती लावायचं ह्यावर खळ्यात चांगला अर्धा तास वाद चालला, पोरं म्हणत होती एकाला एक लाडू, लेक पैशावर अडून बसलेला, शेवटी आई चकल्या तळता तळता झारा हातात घेऊन बाहेर आल्या.

"एका कोळ्याक दोन चकल्यो," म्हणाल्या, "आणि जळलो तर चार. आणि चकल्यो तुमच्या आवशीन केलेल्यो होयत, माझ्यो नकोत."